पैसा वॉशिंग्टनचा, अग्रक्रम शहराचा

अमेरिकेत एखाद्या जुन्या वस्तीतील उखडलेला पदपथ दुरुस्त होतो, एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या घराचे गळके छप्पर बदलले जाते किंवा बेघरांच्या निवाऱ्याचा वर्षभराचा खर्च भागतो, तेव्हा त्यामागचा पैसा बऱ्याचदा फेडरल सरकारचा असतो. परंतु हे काम घ्यायचे आणि ते सोडायचे, हा निर्णय वॉशिंग्टनमध्ये झालेला नसतो. तो त्या शहराच्या सिटी कौन्सिलने, काउंटीने म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारने किंवा राज्य सरकारने घेतलेला असतो आणि त्यामागची कारणे ‘कन्सॉलिडेटेड प्लॅन’ नावाच्या एका जाडजूड दस्तऐवजात मांडलेली असतात. न्यू जर्सीतील एडिसन, कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट आणि सनीव्हेल या मराठी कुटुंबांच्या ओळखीच्या गावांनाही असे अनुदान मिळते आणि त्यांनाही हा आराखडा करावा लागतो. आपल्या शेजारचा पैसा कोठे जातो हे ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी हा दस्तऐवज कसा तयार होतो हे एकदा तरी नीट पाहावे, असे मला मनापासून वाटते.

या व्यवस्थेचा उगम १९७४ सालचा आहे. त्यापूर्वी नागरी पुनर्विकास, मॉडेल सिटीज, पाणी व सांडपाणी, मोकळ्या जागा अशा प्रत्येक कामासाठी स्वतंत्र फेडरल योजना होती, प्रत्येकीचा अर्ज वेगळा होता आणि कोणत्या शहराला किती द्यायचे हे वॉशिंग्टनमधील अधिकारी ठरवत. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी हे अधिकार स्थानिक सरकारांकडे सोपवण्याचा आग्रह धरला होता. त्यांच्या राजीनाम्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २२ ऑगस्ट १९७४ रोजी, जेराल्ड फोर्ड यांनी गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्यावर सही केली आणि वेगवेगळ्या योजना एकत्र करून ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’ हे एकच अनुदान सुरू झाले. लोक त्याला सीडीबीजी म्हणतात. ते देणारे खाते म्हणजे १९६५ साली स्थापन झालेले गृहनिर्माण व नगरविकास खाते, ज्याचे बोलीतले नाव ‘हड’ आहे.

मोकळीक मिळाल्यावर जे होण्याची भीती होती, त्याच्या तक्रारीही लवकरच येऊ लागल्या. काही शहरांनी गरिबांसाठी आलेला पैसा सुखवस्तू भागांच्या सोयींकडे वळवला. त्यावर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, टप्प्याटप्प्याने अट घातली. १९८३ साली ठरले की निदान ५१ टक्के निधीचा लाभ कमी व मध्यम-कमी उत्पन्नाच्या लोकांना झाला पाहिजे. १९८७ साली हा आकडा ६० टक्के झाला आणि १९९० साली ७० टक्के. आजही तो ७० टक्केच आहे. कमी व मध्यम-कमी उत्पन्न म्हणजे काय, याचेही उत्तर ठरलेले आहे: त्या परिसरातील सर्व कुटुंबे उत्पन्नाप्रमाणे ओळीने उभी केली, तर बरोबर मध्यभागी येणाऱ्या कुटुंबाचे जे उत्पन्न, त्याच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी. म्हणूनच सिलिकॉन व्हॅलीत जे कुटुंब या व्याख्येत बसते, तेच तितक्याच पगारात मिसिसिपीतील छोट्या गावात सुस्थितीतले ठरते.

सीडीबीजीखेरीज आणखी तीन अनुदाने याच आराखड्यात येतात. ‘होम’ हे १९९० च्या कायद्याने आलेले अनुदान केवळ परवडणाऱ्या घरांसाठी आहे, त्यात सर्वसाधारणपणे दर डॉलरमागे २५ सेंट स्थानिक पातळीवरून उभे करावे लागतात आणि निदान १५ टक्के रक्कम ठरावीक प्रकारच्या ना-नफा गृहनिर्माण संस्थांसाठी राखून ठेवावी लागते. इमर्जन्सी सोल्यूशन्स ग्रँट बेघरांसाठी आहे, तर हॉप्वा एचआयव्ही-एड्स असलेल्या व्यक्तींच्या निवाऱ्यासाठी. २०२४ च्या आर्थिक वर्षात सीडीबीजीसाठी ३३० कोटी, होमसाठी १२५ कोटी, हॉप्वासाठी ५०.५ कोटी आणि इमर्जन्सी सोल्यूशन्ससाठी २९ कोटी डॉलर मंजूर झाले. सर्व शहरांना चारही अनुदाने मिळतात असे नाही. अनेक लहान शहरांच्या वाट्याला फक्त सीडीबीजी येते.

कोणत्या शहराला किती रक्कम मिळेल हे सूत्राने ठरते. सीडीबीजीचे ७० टक्के थेट मोठ्या शहरांना व काउंट्यांना जातात आणि ३० टक्के राज्यांकडे, जे ते छोट्या गावांना वाटतात. महानगर क्षेत्रातील मुख्य शहरे, त्याच क्षेत्रातील ५० हजारांवर लोकसंख्येची इतर शहरे आणि दोन लाखांवर लोकसंख्येच्या पात्र काउंट्या थेट यादीत बसतात. त्यांच्यासाठी दोन सूत्रे आहेत: एकात लोकसंख्या, गरिबी आणि घरांतील दाटी मोजली जाते, दुसऱ्यात गरिबीबरोबर १९४० पूर्वी बांधलेली घरे आणि शहराची खुंटलेली वाढ. ज्या सूत्राने जास्त रक्कम निघेल ते लागू होते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आराखड्यात गरज कितीही तळमळीने मांडली, तरी त्यामुळे शहराला एक डॉलरही जास्त मिळत नाही. आराखडा पैसा मागण्यासाठी नसून आलेला पैसा कोणासाठी वापरायचा हे ठरवण्यासाठी असतो, आणि त्यामुळेच त्यातील प्रत्येक ‘हो’ बरोबर कोणाला तरी ‘नाही’ म्हणावे लागते.

हे ‘नाही’ कसे येते ते आकड्यांतच पाहिले पाहिजे. समजा, एखाद्या मध्यम शहराला वर्षाला दहा लाख डॉलर सीडीबीजी मिळते. त्यातले नियोजन आणि प्रशासनावर जास्तीत जास्त २० टक्के, म्हणजे दोन लाख, खर्च करता येतात. त्यात कर्मचाऱ्यांचे पगार, आराखड्याचा खर्च, देखरेख हे सर्व आले. सामाजिक सेवांवर सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे दीड लाख. फूड बँक, शाळेनंतरचे वर्ग, घरगुती हिंसाचाराने पीडित स्त्रियांना कायदेशीर मदत, ज्येष्ठांना डॉक्टरकडे नेणारी गाडी हे सगळे या दीड लाखातच बसवायचे असते. आता या दीड लाखासाठी पंधरा संस्थांनी अर्ज केले असे धरू. प्रत्येकीला दहा हजार दिले तर कोणी नाराज होत नाही आणि कौन्सिलची बैठक शांततेत पार पडते. पण दहा हजार डॉलर घेणाऱ्या छोट्या संस्थेलाही लाभार्थ्यांच्या पात्रतेचे पुरावे ठेवावे लागतात, ठरावीक मुदतीने अहवाल द्यावे लागतात आणि तपासणीला तोंड द्यावे लागते. या कागदपत्रांतच मिळालेल्या पैशाचा मोठा भाग जिरतो. त्याऐवजी पाच संस्थांना प्रत्येकी तीस हजार दिले तर प्रत्येक ठिकाणी एक अर्धवेळ माणूस तरी नेमता येईल, परंतु दहा संस्थांना रिकाम्या हाताने परत पाठवावे लागेल. माझ्या मते दुसरा मार्ग अवघड असला तरी बहुतेक वेळा तोच योग्य असतो, आणि म्हणूनच अनेक शहरांनी किमान अनुदानाची मर्यादा घालून घेतलेली आहे.

उरले साडेसहा लाख. सार्वजनिक बांधकाम विभागाला जुन्या वस्तीतील पदपथ आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचे आहेत. ती सगळी रक्कम त्यांना पुरेल. गृहनिर्माण विभाग म्हणतो, त्याच पैशात घरामागे २५ हजार डॉलर धरून २६ गरीब मालकांच्या घरांची छपरे आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या बदलता येतील. एक ना-नफा संस्था म्हणते, आम्ही जुनी इमारत घेऊन तीस परवडणाऱ्या सदनिका करतो. साडेसहा लाखांत ते काम मुळीच होणार नाही, पण शहराचा पहिला पैसा लागला की करसवलतीतून आणि बँकांकडून उरलेली रक्कम उभी करणे सोपे जाईल. तिन्ही मागण्या नियमांत बसतात. पदपथाचे काम नियमात बसायला त्या भागातील निदान ५१ टक्के रहिवासी कमी व मध्यम-कमी उत्पन्नाचे असले की पुरते, मग उरलेल्या ४९ टक्क्यांनाही त्याचा लाभ मिळतो. छपराच्या कामात लाभ थेट गरजू कुटुंबालाच मिळतो, मात्र घर १९७८ पूर्वीचे असेल तर शिशाच्या रंगाबाबतचे नियम लागू होतात आणि खर्च वाढतो, म्हणजे २६ घरांची २० व्हायला वेळ लागत नाही. सदनिकांचे काम वर्षानुवर्षे टिकते, पण पहिले कुटुंब राहायला येईपर्यंत आताच्या कौन्सिलचा कार्यकाळ संपलेला असू शकतो.

या तिन्हींतून निवड करायची तर आधी गरज मोजावी लागते. त्यासाठी हड सेन्सस ब्युरोकडून खास तक्ते तयार करून घेते. ते ‘चॅस’ या नावाने ओळखले जातात आणि अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या पाच वर्षांच्या माहितीवर आधारलेले असतात. त्यात घराच्या चार अडचणी मोजल्या जातात: पूर्ण स्वयंपाकघर नसणे, पूर्ण नळव्यवस्था नसणे, खोलीमागे एकाहून अधिक माणसे राहणे आणि उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम घरावर खर्च होणे. हा खर्च निम्म्या उत्पन्नाहून जास्त असेल तर बोजा तीव्र मानला जातो. हे तक्ते काळजीपूर्वक वाचले की शहरात खरी टंचाई कोणाला आहे हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. बहुतेक ठिकाणी सर्वांत खोल गरज सर्वांत कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंची असते, घरमालकांची नव्हे.

तरीही या तक्त्यांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. दोन शयनकक्षांच्या सदनिकेत बैठकीची खोली आणि स्वतंत्र स्वयंपाकघर धरून चार खोल्या मोजल्या जातात. पती, पत्नी, दोन मुले आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आजी असे पाच जण तेथे राहत असताना सर्वेक्षणाचा अर्ज आला, तर दोन महिन्यांहून अधिक मुक्काम असल्यामुळे आजीही मोजली जाते आणि ते घर दाटीच्या रकान्यात जाते. त्या कुटुंबाला ही अडचण वाटतही नसेल. उलट, ‘आशियाई’ हा एकच रकाना असल्यामुळे त्यात मोठ्या पगाराचे अभियंतेही येतात आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणारी नवागत कुटुंबेही, आणि सरासरीत दुसऱ्यांची ओढाताण झाकली जाते. फ्रीमाँट किंवा एडिसनसारख्या गावांत हा दोष विशेष महत्त्वाचा आहे. शिवाय माहिती नेहमी काही वर्षे मागची असते. मधल्या काळात भाडी वाढली तर तक्त्याला ते कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठीच शहरांनी सार्वजनिक गृहनिर्माण संस्था, बेघरांसाठी काम करणाऱ्यांची प्रादेशिक यंत्रणा, आरोग्य व समाजसेवा संस्था यांच्याशी विचारविनिमय केला पाहिजे असा नियम आहे.

याच ठिकाणी रहिवाशांचा सहभाग येतो, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत कच्चा दुवा आहे. नियम म्हणतात की वर्षातून निदान दोन जाहीर सुनावण्या वेगवेगळ्या टप्प्यांवर घ्याव्यात आणि मसुदा निदान ३० दिवस लोकांच्या अभिप्रायासाठी खुला ठेवावा. इंग्रजी न बोलणारे रहिवासी मोठ्या संख्येने येण्याची शक्यता असेल, तर त्यांची सोय कशी करणार हेही शहराने आधी लिहून ठेवावे लागते. सुनावणीत बोलण्यासाठी किंवा लेखी अभिप्राय देण्यासाठी अमेरिकी नागरिकत्वाची अट नाही. रहिवासी असणे पुरे. एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सहसा कोणी सांगत नाही. परंतु कामाच्या दिवशी संध्याकाळी सिटी हॉलमध्ये होणाऱ्या सुनावणीला येतात कोण? अनुदान मागणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, काही निवृत्त घरमालक आणि क्वचित एखादा वार्ताहर. ज्यांच्यासाठी हा पैसा आहे ती दोन-दोन पाळ्या करणारी माणसे तेथे नसतात. ऑनलाइन सर्वेक्षणातही हेच घडते: उत्तरे देणाऱ्यांत घरमालक जास्त असतील तर पदपथ आणि उद्याने यादीत वर येतात आणि भाड्याची मदत खाली जाते. म्हणून ज्या शहरांना खरोखर ऐकायचे आहे, ती शाळेच्या पालकसभेत, फूड बँकेच्या रांगेत, मंदिर-चर्च-मशिदीच्या सभागृहात जाऊन विचारतात.

ज्येष्ठांच्या केंद्रांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. सीडीबीजीच्या नियमांत ज्येष्ठ, बेघर, गंभीर अपंगत्व असलेले प्रौढ अशा काही गटांतील बहुसंख्य लोक कमी उत्पन्नाचे आहेत असे गृहीत धरले जाते, त्यामुळे केवळ ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या केंद्राला येणाऱ्या प्रत्येकाच्या उत्पन्नाचा दाखला मागावा लागत नाही. मुलांकडे कायमचे राहायला आलेले आपले आईवडीलही त्या केंद्राचे लाभार्थी होऊ शकतात. पण हिशेब सोपा आहे म्हणून शहर अशा कामांकडे झुकू लागले, तर ज्यांचा हिशेब किचकट आहे, म्हणजे भाडे थकलेली तरुण कुटुंबे, ती मागे पडतात. आपल्या ज्येष्ठांसाठी आग्रह धरताना या कुटुंबांचाही विचार आपण केला पाहिजे, असे मला वाटते.

मत ऐकून झाल्यावर शहर तीन ते पाच वर्षांसाठी अग्रक्रम लिहिते आणि त्यांना ‘उच्च’ किंवा ‘कमी’ असा दर्जा देते. अनेक आराखड्यांत जवळजवळ प्रत्येक गरजेपुढे ‘उच्च’ लिहिलेले आढळते. अधिकाऱ्यांची यातली अडचण खरी आहे, कारण उद्या नवी गरज उभी राहिली आणि ती आराखड्यात नसली तर आराखड्यात दुरुस्ती करण्याची सगळी प्रक्रिया पार पाडावी लागते. पण सर्वच गोष्टी उच्च ठरवल्यावर अग्रक्रम असा उरतच नाही. त्यामुळे वाचकाने शब्दांपेक्षा दरवर्षीच्या कृती आराखड्यातील रकमा पाहाव्यात. पाच वर्षांच्या दस्तऐवजात ‘अत्यल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना घरे’ सर्वांत वर असेल आणि वार्षिक आराखड्यात सलग तीन वर्षे निम्म्याहून अधिक रक्कम पदपथांना गेली असेल, तर त्या शहराचा अग्रक्रम पदपथ हाच आहे.

असे होण्यामागे नेहमी अनास्था असते असे मात्र नव्हे. वेळेवर खर्च करण्याचा एक नियम आहे: कार्यक्रमाचे वर्ष संपण्याच्या ६० दिवस आधी शहराच्या खात्यात वार्षिक अनुदानाच्या दीडपटीहून अधिक सीडीबीजी रक्कम पडून असता कामा नये, नाहीतर हड कारवाई करू शकते. घरांचे प्रकल्प जमीन, परवाने आणि इतर निधी यांत अडकतात. पदपथाचे काम मात्र ठरलेल्या महिन्यात सुरू होऊन ठरलेल्या महिन्यात संपते. शिवाय सीडीबीजीतून नवी घरे बांधण्यावर सर्वसाधारणपणे बंदी आहे, त्यासाठी होमचा पैसा लागतो, आणि तो नसलेल्या शहरांचे हात बांधलेले असतात. आणीबाणीत चित्र किती लवकर पालटू शकते हे २०२० मध्ये दिसले. करोनाच्या काळात केअर्स कायद्याने पाच अब्ज डॉलरचे जादा सीडीबीजी दिले, साथीशी संबंधित सेवांवरची १५ टक्क्यांची मर्यादा उठवली, अभिप्रायाची मुदत पाच दिवसांपर्यंत कमी करण्याची मुभा दिली, आणि अनेक शहरांनी तो पैसा भाड्याच्या मदतीकडे व अन्नवाटपाकडे वळवला.

अग्रक्रम ठरवण्याच्या स्वातंत्र्याला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यातून येते. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक शहराला आपण घरांच्या बाबतीतील भेदभाव दूर करण्यासाठी प्रयत्नशील आहोत, असे प्रमाणपत्र द्यावे लागते. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेकडील वेस्टचेस्टर काउंटी अशी प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे देत आली होती. २००६ साली एका नागरी हक्क संस्थेने खटला भरला आणि म्हटले की काउंटीने वंशावर आधारलेल्या वस्तीविभाजनाचा विचारच केलेला नाही, तेव्हा ही प्रमाणपत्रे खोटी आहेत. २००९ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी प्रमाणपत्रे खोटी असल्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी झालेल्या समझोत्यात काउंटीला, प्रामुख्याने गौरवर्णीय वस्तीच्या गावांत, ७५० परवडणारी घरे उभी करण्याचे बंधन स्वीकारावे लागले. परवडणारी घरे कोठे बांधायची हाही अग्रक्रमाचाच भाग आहे, ही गोष्ट या खटल्याने साऱ्या देशातील काउंट्यांच्या लक्षात आणून दिली. २०१५ पासून या कर्तव्याची नियमावली वॉशिंग्टनमधील सत्ताबदलाबरोबर अनेकदा बदलली असली, तरी मूळ कायद्यातील कर्तव्य तसेच आहे.

निधीची शाश्वती मात्र तितकी पक्की नाही. २०१८ च्या अंदाजपत्रकात ट्रम्प प्रशासनाने सीडीबीजी पूर्णपणे बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला होता. काँग्रेसने तो नाकारून ३३० कोटी डॉलर मंजूर केले. पण २०२४ मध्येही आकडा ३३० कोटींवरच होता, आणि मधल्या सहा वर्षांत सिमेंट, लाकूड, मजुरी सगळेच महागले. तेवढ्याच रकमेत आता कमी छपरे बदलता येतात, म्हणून निवड आणखी कठोर होत जाते.

ज्यांना या प्रक्रियेत आपले म्हणणे मांडायचे आहे त्यांनी ३० दिवसांच्या मुदतीची वाट पाहू नये, कारण मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा बहुतेक रकमा ठरलेल्या असतात. गरजांवरची पहिली सुनावणी त्याच्या काही महिने आधी होते आणि तेथे मांडलेला मुद्दा जास्त दूर जातो. ‘घरे महाग झाली आहेत’ असे सांगण्यापेक्षा ‘अमुक इमारतीतील चाळीस भाडेकरूंना भाडेवाढीची नोटीस आली आहे, त्यांच्यासाठी भाड्याची तातडीची मदत हा अग्रक्रम ठेवा’ असे सांगितले तर अधिकाऱ्याला ते लिहून घेता येते. अभिप्रायांचा सारांश आराखड्याला जोडणे शहराला बंधनकारक आहे, आणि जे अभिप्राय स्वीकारले नाहीत त्यांची कारणेही द्यावी लागतात. वर्ष संपल्यावर ९० दिवसांत शहर हडला कामगिरीचा अहवाल पाठवते, आणि त्याआधी तो निदान १५ दिवस लोकांसाठी खुला असतो. त्या अहवालात प्रत्येक उद्दिष्टापुढे ठरवलेली संख्या आणि प्रत्यक्षात झालेली संख्या शेजारी-शेजारी छापलेली असते. वीस छपरांचे उद्दिष्ट होते आणि सात झाली, तर उरलेल्या तेरांचा पैसा कोणत्या कामाकडे वळवला, हा प्रश्न पुढच्या वर्षीच्या पहिल्या सुनावणीत त्या अहवालाच्या पानाचा क्रमांक देऊन विचारता येतो.